विहीर कक्षेत येत नाही

ता. ६ मार्च

प्रिय बुटके,

अनेक आशीर्वाद. बाळाला पापा.

तुझं पत्र मिळालं. फोन खिशात असताना पत्रं लिहिणाऱ्या जगात आपण दोघीच उरलो असू. तू वसतिगृहात होतीस तेव्हा लागलेली खोड, सुटायचं नाव घेत नाही. बाळाचा फोटो आईंनी कपाटाच्या काचेला चिकटवलाय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून दाखवतात. दूधवाला काल घाईत होता, तरी सुटला नाही. नाक कुणावर गेलंय यावरून घरात दोन तट पडलेत. तुझे दादा म्हणतात आपल्याकडचं, आई म्हणतात जावईबापूंचं. मी अजून मत दिलेलं नाही.

एप्रिलपासून दोन-तीन महिने माहेरी येऊन राहते, असं तू लिहिलंस. तिकडे झोप म्हणून मिळत नाही, घर खायला उठतं, आईच्या हातचं आयतं जेवावंसं वाटतं. वाचून आई नाचायच्याच बाकी होत्या. पण बुटके, यंदा नको. मागच्या खोलीच्या भिंतीला ओल आली आहे, पोपडे पडताहेत, काम काढावं लागणार. धूळ बाळाला सोसायची नाही. शिवाय उकाडा. शिवाय डास. मागच्या खोलीतला पंखाही नुसता आवाज करतो, वारा देत नाही. एवढ्या लहान जिवाला घेऊन तू कशाला हाल करून घेतेस? पुढच्या वर्षी ये, तोवर चालायला लागेल.

बाकी इकडचं ठीक. आवारातल्या आपल्या शेडमध्ये काम भरपूर आहे. विमान जमिनीवर टेकताना ज्या पायांवर उभं राहतं, त्यातल्या जाडजूड दांड्या हल्ली आपल्याकडे क्रोमच्या मुलाम्याला येतात. जावईबापूंच्या कंपनीची तपासणीची माणसं परवा येऊन गेली आणि आपल्याला 'शाश्वत पुरवठादार' अशी पाटी मिळाली. हिरवी आहे, फाटकावर लावली. आत आलं की डाव्या हाताला काचेची मोठी टाकी आहे, तीत सोनेरी मासे. शेडमधलं पाणी शुद्ध करून त्या टाकीत सोडतात, असं पाहुण्यांना सांगतात. मासे छान आहेत.

आईंचे गुडघे तसेच. माझी तब्येत बरी.

तुझी वहिनी

ता. क. रागावू नकोस. आणि तुझे दादा फोनवर काहीही म्हणाले तरी तिकीट काढू नकोस.


ता. १९ मार्च

प्रिय बुटके,

आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं, पुन्हा वाचलं आणि आईंच्या हाती लागू नये म्हणून चुलीत घातलं. वाक्यं मात्र पाठ झाली आहेत. 'माझ्या बापाच्या घराचं दार मला बंद करणारी तू कोण?' हे एक. 'ओल आणि डास काय लहान मुलीला सांगतेस?' हे दुसरं, आणि ते बरोबर आहे. तिसरं, 'तुला मूल नाही, म्हणून माझं बघून पोटात दुखतं.' त्याच्याकडे मी शेवटी येते.

दादांनी तुला फोन करून सांगितलं म्हणे, वहिनीचं मनावर घेऊ नकोस, खुशाल ये. ते फोन करत होते तेव्हा मी दारात उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवली.

भिंत ठणठणीत आहे, पंखाही चांगला फिरतो. ते सगळं मी रचून लिहिलं. खरं काय ते लिहायला हात धजत नव्हता, कारण तू त्या घरची मुलगी आणि मी बाहेरून आलेली. उद्या म्हणशील, आमच्या घरावर शिंतोडे उडवते.

तपासणीची माणसं यायची होती त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. माशांची टाकी आतून हिरवट झाली होती म्हणून रिकामी करून घासली. मासे परातीत काढून ठेवले. दर वेळी टाकी भरायला टँकर येतो, तो त्या दिवशी आलाच नाही. संध्याकाळ व्हायला आली. झाडलोट करणाऱ्या मावशींनी पाहिलं, सकाळी पाहुणे येणार, टाकी कोरडी, आणि विहीर तर समोर. त्यांनी पंप चालू केला, टाकी काठोकाठ भरली, मासे सोडले आणि घरी गेल्या. त्यांचं काय चुकलं? टाकीत शेडचं शुद्ध केलेलं पाणी असतं, असं आपणच सगळ्यांना सांगतो. त्यात विहिरीचं घातलं तर काय बिघडणार होतं?

सकाळी मी चहाचा कप घेऊन बाहेर आले, तर सगळे मासे पोट वर करून तरंगत होते. एकाचा कल्ला अजून हलत होता.

मी ओरडले तसे तुझे दादा धावत आले. त्यांनी टाकी पाहिली, मावशींना बोलावून विचारलं, पाणी कुठलं भरलंत? विहिरीचं म्हटल्यावर त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं असेल? 'पाहुणे यायच्या आत दुसरे मासे आणायला हवेत.' विहिरीत काय आहे, हे त्यांनी विचारलंच नाही, बुटके. ज्याला ठाऊक असतं तो विचारत नाही. मी त्याच पाण्याने आंघोळ करून आले होते. केस ओले होते माझे. हातातला चहाही त्याच पाण्याचा होता. मला तिथेच उलटी झाली आणि तुझे दादा मावशींना म्हणाले, 'हे आधी धुऊन काढा.'

आणि मग मीच गेले मासे आणायला. मागच्या खेपेला तपासणीच्या बाईंनी फोटो काढले होते, त्यात दोन पांढऱ्या ठिपक्यांचे होते, तसेच हवेत, असं बजावून पाठवलं होतं. माशांच्या पिशव्या मांडीवर घेऊन मी गाडीत बसले आणि त्या फुटू नयेत म्हणून ड्रायव्हरला सावकाश चालव म्हणत होते. नवरीसारखे आणले त्यांना. बाई आल्या, टाकीशी वाकल्या, म्हणाल्या, 'अरे वा, किती वाढले हो!' तुझे दादा हसून म्हणाले, 'घरातल्यासारखं ठेवतो आम्ही त्यांना.' हे मात्र धादांत खोटं. घरातल्यांपेक्षा कितीतरी बरं ठेवतात. माशांना टँकरचं पाणी आणि आपल्याला विहिरीचं. बाईंनी तपासणीसाठी बाटली भरली ती माशांच्या टाकीतून. शेडमधून टाकीकडे जो हिरवा पाइप आलेला दिसतो ना, तो भिंतीत शिरतो आणि भिंतीतच संपतो. त्यातून आजवर थेंब आलेला नाही.

शेडमधलं दांड्या धुतलेलं पाणी जातं कुठे? मागे, जिथे तू लहानपणी सायकल शिकलीस, तिथे फरशीखाली खड्डा आहे, त्यात, आणि तिथून झिरपत विहिरीत. ते मला त्याच दिवशी संध्याकाळी कळलं, आणि तेही भांडून. शुद्ध करायची यंत्रं आहेत, चालवत नाहीत. गाळ न्यायला परवान्याची गाडी लागते, ती बोलावत नाहीत. तुझे दादा म्हणाले, 'मी काय हौसेने करतो? त्यांना दर वर्षी दर कमी करून हवा आणि पाटीही हवी.' दोन्ही एकदम कसं जमतं ते आता मला कळलं. माशांनी जमतं.

पाणी पिवळसर आहे हे काय आपल्याला दिसत नव्हतं? बाबा म्हणायचे, खडकात लोखंड आहे, तब्येतीला उत्तम. आपण माना डोलावून पीत होतो.

बाबांवरून आठवलं. तू मला लग्नानंतर पहिल्या आठवड्यात मोठ्या कौतुकाने सांगितलं होतंस, आमचे बाबा जादू करायचे. एका नाकपुडीत दोरा घालायचे आणि दुसरीतून काढायचे. तू आणि तुझ्या मैत्रिणी टाळ्या वाजवायच्यात. ती जादू नव्हती. क्रोमच्या टाकीची गरम वाफ नाकात जाऊन जाऊन मधला पडदा झिजतो आणि आरपार भोक पडतं. शेडमध्ये अजूनही ती पक्क्या कारागिराची खूण मानतात. नवा माणूस आला की जुने लोक त्याला दोरा ओवून दाखवतात आणि फिदीफिदी हसतात. गेल्या महिन्यात जेवणाच्या सुट्टीत तुझ्या दादांनी दोरा ओवून दाखवला. नाकाचं पाणी त्या दोऱ्यावरून ओघळत होतं आणि सगळे मान डोलावत होते, मालक झाले आता पक्के. मी ताट तसंच ठेवून उठले. वाफ ओढून घेणारे पंखे महिन्यातून एकदा लागतात, पाहुणे आल्यावर.

मला या घराची किळस आली आहे. सौम्य शब्द शोधत बसले होते, सापडला नाही.

आता ते तिसरं वाक्य. तुला पोटात दुखणं म्हणजे हेवा म्हणायचं होतं. माझ्या पोटात दुखलंय, पण ते वेगळं. दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं. आईंना एकदाचंच माहीत आहे, तुला एकाचंही नाही. डॉक्टरीणबाईंनी तेव्हा विचारलं होतं, पाणी कुठलं पिता? मी मान ताठ करून म्हटलं होतं, घरच्या विहिरीचं. त्याचा आणि याचा संबंध आहे की नाही, मला ठाऊक नाही. कुणी छातीठोक सांगूही शकणार नाही. पण आता तूच सांग, त्या पाण्यात तुझ्या बाळाच्या दुधाची बाटली उकळायला मी कशी देऊ? त्या पाण्याने तू त्याला न्हाऊ घालशील आणि मी टॉवेल धरून उभी राहू?

म्हणून येऊ नकोस. मला शिव्या घाल, पण येऊ नकोस.

आणखी एक. जावईबापू त्या तपासणीच्या बाईंच्या वरच्या खुर्चीत बसतात. त्यांना हे पत्र दाखव. त्यांनी मनात आणलं तर एका दिवसात शेडचा कारभार सुधारेल. तुझे दादा माझं ऐकत नाहीत, त्यांचं ऐकतील.

वाट पाहते.

तुझी वहिनी


ता. ३ एप्रिल

प्रिय बुटके,

बाळ खुशाल असेल.

तुझं पत्र परवा आलं. या वेळी तू फार सांभाळून लिहिलंस. अक्षरही सुवाच्य काढलंस, कुणी शेजारी बसून लिहून घ्यावं तसं.

तू येत नाहीस, हे वाचून माझा जीव भांड्यात पडला. आईंना तू फोनवर उकाड्याचं कारण दिलंस. माझंच कारण तुला कामाला आलं, हेही बरं झालं.

पुढे तू लिहिलंस, जावईबापूंनी पत्र नीट वाचलं. टाकीतल्या पाण्याचा अहवाल स्वच्छ आहे आणि तपासणी शेडच्या आतल्या कामाची असते. 'विहीर आमच्या कक्षेत येत नाही.' हे वाक्य तू अवतरणात घातलंस, म्हणजे त्यांचंच असणार. फरशीखालचा खड्डा शेडच्या भिंतीबाहेर आहे, म्हणून तोही कक्षेत नाही. कारागिरांची नाकं, ती कुणाच्या कक्षेत येतात ते त्यांनी सांगितलेलं नाही. आपल्या घरातली गोष्ट आहे, घरातच राहू दे, असं तू शेवटी लिहिलंस आणि पत्र जाळायला सांगितलंस.

यानंतर सही. सहीखाली, वेगळ्या पेनाने, घाईघाईत: 'आईने शिवलेलं दुपटं विहिरीच्या पाण्यात धुतलं होतं का? हे म्हणाले धोका नको, म्हणून टाकून दिलं. आईला सांगू नकोस.'

बुटके, मला सगळ्यात जास्त लागलं ते हे खालचं वाक्य. मला वाटलं होतं, जावईबापूंचा माझ्यावर विश्वास बसणार नाही. बायकोच्या माहेरच्या बाईची कुरकुर म्हणून सोडून देतील. तसं झालं असतं तर मी त्यांना माफ केलं असतं. पण त्यांचा माझ्या शब्दाशब्दावर विश्वास बसला. इतका की एकदा धुतलेलं दुपटंसुद्धा बाळाच्या अंगाखाली नको. आणि त्याच तोंडाने त्यांनी सांगून टाकलं, विहीर कक्षेत येत नाही. स्वतःच्या बाळापुरतं माझं खरं, आणि मावशींच्या नातवापुरतं खोटं.

मावशींचा नातू तू पाहिलेला नाहीस. तुझ्या बाळापेक्षा थोडाच मोठा. आपल्या भिंतीबाहेर बाबांनी नळ काढून दिला होता ना, गल्लीला पाणी मिळावं म्हणून? तुला केवढा अभिमान त्या नळाचा. अख्खी गल्ली त्याच्यावर भरते. मावशी त्या पोराला तिथेच नळाखाली धरतात आणि ते खिदळतं.

विमानं माझ्या डोक्यावरून रोज जातात. त्यांचे पाय आपल्या मुलाम्याने चकाकतात. मुलामा हा शब्द आपण रोज किती सहज वापरत होतो, गंमतच आहे.

तर काल मी भिंतीबाहेर गेले आणि नळाशी उभी राहिले. हंडा घेऊन येणाऱ्या प्रत्येकीला सांगितलं, हे पाणी भरू नका, यात विष आहे, आमच्या शेडचं आहे. तुला वाटेल त्यांनी माझे आभार मानले. एकीने विचारलं, 'आधी का नाही सांगितलंत?' दुसरी म्हणाली, 'मग आता भरायचं कुठनं, तुमच्या डोळ्यातनं?' मावशींनी नातवाला काखेत मारलं आणि निघून गेल्या. आज कामाला आलेल्या नाहीत. मुकादम धावत आला, त्याने आधी मला हळू आवाजात समजावलं आणि मग आवाज चढवून म्हणाला, 'वहिनी, शेडला कुलूप लागलं तर आम्ही काय विमानं चाटायची का?' त्याच्या नाकातूनही दोरा जातो.

मग मी पंपाची वायर तोडली. पाच बायकांसमोर नळात उरलेलं पाणी बाटलीत भरलं, नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात स्वतः नेऊन दिलं आणि अर्जावर माझं नाव घातलं. खड्ड्याचं लिहिलं, हिरव्या पाइपचं लिहिलं, माशांचंही लिहिलं. तिथला कारकून माशांचं वाचून हसायला लागला, मग माझ्याकडे पाहून थांबला. उद्या ते लोक फरशी उचलायला येणार आहेत. अर्जाची एक प्रत विमान कंपनीच्या सगळ्यात वरच्या साहेबांना पाठवली आहे, जावईबापूंना ओलांडून. त्यांना आधी कळावं म्हणून हे तुला लिहिते आहे. पाठीमागून वार केला असं नको.

हे सगळं तुझं पत्र येण्याआधी केलं असतं तर मला हलकं वाटलं असतं. पण मी वाट पाहत बसले, आणि त्या दिवसांत गल्ली पाणी भरत होती.

तुझा दादा संध्याकाळी आला. (आता 'आले' लिहवत नाही.) आरडाओरडा नाही, काही नाही. पायरीवर बसला आणि म्हणाला, 'बाबांनी उभं केलेलं तू एका सकाळीत पाडलंस.' मी म्हटलं, बाबांच्या नाकात दोरा जात होता तेव्हाच ते पडायला लागलं होतं. त्यावर तो रडला. मला त्याची दया आली आणि त्या दयेचाही वीट आला, कारण रडता रडता त्याने विचारलं काय, तर 'जावईबापूंना कळलं का?'

आईंना मी सगळं सांगितलं. दुपट्याचंही. तू सांगू नकोस म्हणालीस, पण माझी आता सांभाळून ठेवायची ताकद संपली आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, 'टाकलं ते बरं केलं तिने.' आणि थोड्या वेळाने, 'पण धोका नको हे पोरीने गल्लीतल्यांसाठी का नाही म्हटलं?' मी तुझी बाजू घ्यायला तोंड उघडलं आणि मला बाजू सापडली नाही.

मी इथेच राहणार आहे. आईंना उचलून कुठे नेऊ? आणि फरशी उचलतील तेव्हा खड्डा कुठे आहे ते दाखवायला कुणीतरी हवं.

तुझ्या बापाच्या घराचं दार मी बंद केलं, असं तू लिहिलं होतंस. केलं. आता तू तुझं मला बंद करशील, ते मी धरूनच चालले आहे. बाळाला मांडीवर घ्यायची मला फार इच्छा होती. लिहून टाकते, लाजत नाही. त्याच्या पायांचे तळवे कसे असतील याचा मी हल्ली नुसता विचार करत बसते.

पत्राखाली काय लिहू, हा प्रश्न पडला. इतकी वर्षं 'तुझी वहिनी' लिहीत आले. तू ते आता मानशील की नाही, मला सांगता येत नाही. तुझ्या बाळाला अजून बोलता येत नाही, म्हणजे नको म्हणता येत नाही. त्याच्या जिवावर सही करते.

बाळाची
मामी